गज्जर गेले, कारखाना आला : बडोद्याचे एक प्रकरण (१८९० ते १९०८)

१८९६ साली प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. कलाभवन या ज्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेचे ते पहिले प्राचार्य, ती तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. संस्थानाचे हे मोठे नुकसान होते. रसायनशास्त्र, रंगकाम आणि हाताची कारागिरी या तिन्हींत मुरलेला दुसरा माणूस त्या काळी पश्चिम हिंदुस्थानात सहजी मिळण्यासारखा नव्हता. पुढे अकरा वर्षांनी, १९०७ साली, हेच गज्जर, ए. एस. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन या तिघांच्या प्रयत्नांतून अलेंबिक केमिकल वर्क्स ही औषधे बनवणारी कंपनी उभी राहिली. ती उभी राहिली बडोद्यात.

मुंबईला बंदर होते, पैसा होता, औषधांचे घाऊक व्यापारी होते. गज्जरांची स्वतःची प्रयोगशाळाही तोवर तिथेच होती. मग कारखाना विश्वामित्रीच्या काठी का आला? या एका प्रश्नासाठी मी हे प्रकरण मांडतो आहे. एखाद्या प्रदेशात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या जोरावर उद्योग रुजवायचा तर नेमके काय लागते, याचे उत्तर त्यात आहे, आणि ते आपल्याच शहरात घडलेले आहे.

आम्हा बडोदेकर मराठी माणसांना सयाजीराव महाराजांविषयी बोलताना भरून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या भरात आपण महाराजांनी शाळा काढल्या, ग्रंथालये काढली, बँक काढली अशी यादी वाचतो आणि थांबतो. कुठली गोष्ट कुणाच्या आधी आली, कुठली फसली, कुठल्या दोन गोष्टी एकमेकींना भिडल्यावर तिसरी जन्मली, हे यादीतून कळत नाही. आज शहरात स्टार्टअपच्या नावाने जे काही चालले आहे, त्यात काम करणाऱ्यांना यादीपेक्षा हा क्रमच उपयोगी पडेल.

संस्थान कोणत्या अवस्थेत होते

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला. सर टी. माधवराव यांच्या दिवाणगिरीत खजिन्याची घडी बसली आणि १८८१ च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये ब्रिटिश मुलूख किंवा दुसरी संस्थाने. एका प्रांतातला माल दुसऱ्यात न्यायचा तरी परक्या हद्दीतून जावे लागे. उद्योगाच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती. रेल्वे मात्र लवकर आली होती. बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे सुरतेच्या बाजूने १८६१ मध्ये बडोद्याला पोचली आणि १८६२ साली मियागाम ते डभोई ही हिंदुस्थानातली पहिली अरुंद रुळांची गाडी, सुरुवातीला बैल जोडून, धावू लागली.

पैसा पेढ्यांत होता. हरिभक्ती, सामळ बेचर, गोपाळराव मैराळ ही नावे जुन्या बडोद्यात अजून माहीत आहेत. या सावकारांनी सरकारलासुद्धा कर्जे दिली. पण पेढीचा पैसा सोने, शेतसारा, कापूस, हुंडी या ओळखीच्या वाटांनी फिरत असे. तीन वर्षे प्रयोग करून चौथ्या वर्षी माल विकणाऱ्या माणसाला तो मिळण्यासारखा नव्हता.

महाराजांचा पहिला प्रयत्न सरळ होता: संस्थानाने स्वतःच गिरणी काढावी. सरकारी सूतगिरणी निघाली आणि चाललीही, पण पुढे ती खासगी हातांत द्यावी लागली. सरकारी नोकराने चालवलेल्या कारखान्यात नफ्यातोट्याची झळ कुणालाच लागत नाही. हा धडा संस्थानाला स्वतःच्या खर्चाने मिळाला, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत तो दिसतो.

कलाभवन

गज्जर सुरतेचे, सुतारकाम आणि शिल्प परंपरेने करणाऱ्या घरातले. सयाजीरावांचे अगदी समवयस्क, दोघांचाही जन्म १८६३ चा. १८८६ पासून ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांच्या घरात हात आणि डोके वेगळे नव्हते, कॉलेजात ते वेगळे होते, आणि ही फट त्यांना खुपत होती. कॉलेजातून बाहेर पडणारा पदवीधर कारकून होई. कारागीर बापाचे पाहून शिके, आणि जर्मनीचे नवे कृत्रिम रंग बाजारात आल्यावर त्याला कळेना की आपला रंग का टिकत नाही आणि त्यांचा का टिकतो.

१८९० साली कलाभवन सुरू झाले ते ही फट बुजवायला. चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, रंगकाम आणि छपाई अशा शाखा. शिक्षण देशी भाषांतून. हा मुद्दा गज्जरांनी फार धरून ठेवला होता. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याच्या मुलाला रसायन शिकता येऊ नये हे त्यांना मान्य नव्हते. त्यासाठी पुस्तके हवीत, म्हणून तांत्रिक आणि शास्त्रीय ग्रंथ गुजराती-मराठीत आणण्याचा ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ नावाचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. रंगकामासाठी त्यांनी जर्मन तज्ज्ञांशी संधान बांधले. जर्मन कंपन्यांना आपला रंग इथे खपवायचा होता आणि गज्जरांना त्या रंगामागची विद्या हवी होती. विक्रेत्याच्या गरजेचा उपयोग करून त्याच्याकडून विद्या काढून घेण्याची ही चाल मला त्यांच्या सगळ्या कामातली सर्वांत चतुर वाटते. आज परदेशी कंपनीशी करार करताना ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हा शब्द आपण घालतो. गज्जरांनी ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर, रंगाचे भांडे समोर ठेवून करून घेतले.

कलाभवनातून काय घडू शकत होते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर ते कलाभवनात आले. चित्रकला शिकले, छायाचित्रणात रमले. गज्जरांनी या मुलाची ओढ ओळखली आणि १८९३ साली त्याला रतलामला पाठवले, तीनरंगी ब्लॉक बनवणे, फोटोलिथो आणि अंधाऱ्या खोलीतली छपाई शिकायला. वीस वर्षांनी, १९१३ मध्ये, याच माणसाने संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला कथापट पडद्यावर आणला. हिंदुस्थानातला एक अख्खा धंदा उभा करणाऱ्या माणसाचे तांत्रिक शिक्षण बडोद्यात झाले. पण धंदा उभा राहिला बडोद्याबाहेर, आधी मुंबईत आणि मग नाशिकात. हे वाक्य या प्रकरणात पुन्हा पुन्हा लागू पडते, म्हणून इथे ठळकपणे लिहून ठेवतो.

कारण कलाभवनाची खरी अडचण हीच होती. शिकून तयार झालेल्या मुलाने जायचे कुठे? रंगखाते सांभाळणारा जाणता माणूस गिरण्यांना हवा होता, पण गिरण्या अहमदाबाद आणि मुंबईत. यंत्रकाम येणाऱ्याला रेल्वे किंवा बंदरावर काम. बडोद्यात संस्थानाची नोकरी सोडली तर त्या विद्येला गिऱ्हाईक नव्हते. शाळा चांगली निघाली, तेवढ्यावर प्रदेशाची अर्थव्यवस्था उभी राहिली नाही.

गज्जर का गेले

संस्थानाला कलाभवनातून कुशल कारागीर हवे होते, आणि लवकर हवे होते. गज्जरांना हवी होती त्याहून कितीतरी मोठी रचना: देशी भाषांत विज्ञान शिकवणारी, संशोधन करणारी, पुस्तके निर्माण करणारी, गावोगावच्या शाळांशी जोडलेली एक अकादमीच. अधिकाऱ्यांना यात खर्च दिसे, गज्जरांना त्यांच्या हिशेबी प्रश्नांत दिरंगाई दिसे. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते, असे मला वाटते. राज्याच्या खजिन्याची जबाबदारी असलेल्या माणसाने ‘यातून निघणार काय आणि कधी?’ असे विचारणे गैर नाही. पण सहा वर्षांत उत्तर मागणे मात्र घाईचे होते. अकरावीत शिकणाऱ्या मुलाला घराचे हप्ते फेडायला सांगण्यासारखे ते आहे. आजही तीन वर्षांच्या अनुदानाच्या शेवटी इन्क्युबेटरकडून, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीचा आधार देणाऱ्या संस्थेकडून, ‘किती रोजगार निर्माण झाले’ याचा तक्ता मागितला जातो, तेव्हा हीच घाई असते.

१८९६ मध्ये गज्जर मुंबईत विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. हा पुतळा मुंबईला भेट दिला होता बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी. सच्छिद्र संगमरवरात मुरलेला डाग काढण्याची कामगिरी फत्ते केली ती गज्जरांनी, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे काळवंडलेले मोती उजळण्याची रीत त्यांनी बसवली आणि त्यातून चांगला पैसा मिळवला. त्यांनी मुंबईत स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली, विद्यार्थी तयार केले, परळला औषधी रसायने बनवण्याचा छोटा कारखाना सुरू करून पाहिला. बडोद्यात जे सरकारी पैशाने करायचे होते, ते मुंबईत ते स्वतःच्या कमाईवर करू लागले.

दुष्काळ आणि त्यानंतरची दहा वर्षे

संवत १९५६ चा दुष्काळ, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात, तो १८९९-१९०० मध्ये आला. संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. साडेचार लाखांहून अधिक माणसांची ही घट आहे. फक्त शेतीवर अवलंबून असलेल्या राज्याला एक पावसाळा काय करू शकतो, हे इतक्या उघडपणे पुन्हा दिसू नये.

यानंतर संस्थानाच्या धोरणाचा सूर बदलला. १९०२ च्या डिसेंबरात अहमदाबादला राष्ट्रसभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन सयाजीरावांनी केले आणि तिथले त्यांचे भाषण देशभर गाजले. १९०४ मध्ये अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्त बडोद्याच्या सेवेत आले. जुन्या वेऱ्यांची म्हणजे करांची आणि अंतर्गत जकातींची छाटणी त्यांच्या काळात झाली, कारागिरांवरचे आणि मालाच्या वाहतुकीवरचे ओझे कमी झाले. वरवर पाहता रुक्ष महसुली काम, पण छोट्या धंद्यासाठी ते अनुदानापेक्षा मोलाचे होते. १८९३ पासून अमरेलीत चालवून पाहिलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू झाले. त्याच वर्षी महाराज अमेरिकेला जाऊन आले. राल्फ व्हाइटनॅक नावाचा अमेरिकन माणूस संस्थानाचा अर्थविषयक सल्लागार होता.

बाहेरही हवा पालटत होती. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशी मालाला गिऱ्हाईक मिळू लागले. कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र रायांनी ७०० रुपयांच्या भांडवलावर १८९२ साली सुरू केलेला रसायनांचा उद्योग १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल या कंपनीच्या रूपात उभा झाला होता. देशी रसायनज्ञ औषध बनवून विकू शकतो, हे त्याने दाखवून दिले होते.

अलेंबिक आणि अबकारी

आता मूळ प्रश्नाकडे. अलेंबिकने सुरुवात केली ती टिंक्चर आणि मद्यार्कापासून. टिंक्चर म्हणजे औषधी वनस्पतीचा गुण मद्यार्कात उतरवून केलेला अर्क. कृती अवघड नाही, पण तिला तीन गोष्टी लागतात: ठरावीक तीव्रतेचा शुद्ध मद्यार्क, प्रत्येक घाण्यात गुण तेवढाच उतरला हे तपासणारा रसायनज्ञ, आणि उत्पादकावर विश्वास ठेवणारा डॉक्टर किंवा दवाखाना. यातला पहिला अडसर कायद्याचा होता. मद्यार्क म्हणजे दारूच, औषधासाठी असला तरी. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यार्क गाळणे, साठवणे, हलवणे सगळेच सरकारी परवान्याखाली आणि कराखाली होते. विलायतेहून तयार टिंक्चर मागवणाऱ्याला भट्टीची कटकटच नव्हती. इथे बनवणाऱ्याला मात्र कच्च्या मालापासूनच सरकारच्या दारात उभे राहावे लागे.

बडोदे संस्थानात अबकारी खाते संस्थानाचे होते. भट्टीला परवाना द्यायचा की नाही, देखरेख कशी ठेवायची, औषधासाठी लागणाऱ्या मद्यार्काला काय लावायचे, हे ठरवणारा माणूस याच गावात बसत होता, आणि त्याच्या वर बसलेल्या राजाला हा उद्योग व्हावा असे मनापासून वाटत होते. ब्रिटिश हद्दीत माल विकताना तिथली बंधने होतीच, ती कुणाला चुकली नाहीत. पण उत्पादन कुठे करायचे हा निर्णय अशा दारावरच ठरतो. शहराबाहेर, रेल्वेच्या पलीकडे, गोरव्याच्या बाजूला मोकळी जागा होती, पाणी होते, माल मुंबईला पाठवायला रूळ होते. आणि कलाभवनामुळे यंत्र बसवणारा, भांडे जोडणारा, मोजमाप कळणारा माणूस याच शहरात मिळत होता. गज्जर निघून गेले तरी त्यांनी लावलेली विद्या इथेच होती. मुंबईहून कारखाना आला तेव्हा त्याला ती तयार सापडली.

माझे मत असे की या प्रकरणाची खरी मेख इथे आहे. कलाभवन १८९० चे, अलेंबिक १९०७ ची. मधल्या सतरा वर्षांत शिक्षण होते, पण त्या शिक्षणाला माल करण्याची मुभा आणि विकण्याची वाट नव्हती. दुष्काळाने राज्यकर्त्यांची प्राथमिकता बदलली, करांची छाटणी झाली, स्वदेशीने गिऱ्हाईक आणले, मुंबईने कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासारख्या तरुणांना धंद्याची सवय लावली. हे सगळे एकत्र आले आणि संस्थानाने नियमांचे दार आपल्या बाजूने उघडले, तेव्हा कारखाना निघाला. कोटीभास्कर हे नाव आज बडोद्यातल्या मराठी घरांतसुद्धा फार जणांना ठाऊक नाही, याची खंत वाटते. एका मोठ्या औषध कंपनीच्या तीन संस्थापकांत त्यांचे नाव आहे. त्यांच्यावर कुणीतरी नीट लिहायला हवे.

बँक नंतर आली

लोकांच्या बोलण्यात बऱ्याचदा येते की महाराजांनी बँक काढली म्हणून कारखाने निघाले. तारखा वेगळे सांगतात. अलेंबिक ३० जुलै १९०७ ची, बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ ची. कारखाना एक वर्षाने थोरला. बँकेच्या उभारणीत महाराजांबरोबर त्यांचे बंधू संपतराव गायकवाड, व्हाइटनॅक, मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास, तुलसीदास किलाचंद अशी मंडळी होती. भरणा भांडवल १० लाख रुपये, कचेरी मांडवीत.

एका वर्षाचा हा फरक क्षुल्लक नाही. गिरणी आणि कारखाना चालू लागल्यावरच बँकेची खरी गरज भासते: कच्चा माल घ्यायला, पगार द्यायला, उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे येईपर्यंत तग धरायला. पहिला धोका भागधारकांनी घेतला, रोजचा खेळता पैसा बँकेने पुरवला. दोन्ही पैशांचे स्वभाव वेगळे. नव्या प्रयोगाचा धोका ठेवीदारांच्या पैशाने उचलणे त्या काळी अनेक बँकांच्या अंगाशी आले. १९१३ पासून हिंदुस्थानात बँका पटापट बुडाल्या, लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पीशी बँक या त्यांतल्या मोठ्या. बँक ऑफ बडोदा तरली. तिच्या पाठीशी संस्थान उभे होते हे एक कारण, आणि तिने पेढीचा सावधपणा सोडला नाही हे दुसरे.

पुढे काय झाले

पहिल्या महायुद्धात विलायती आणि जर्मन औषधांची आवक आटली आणि देशी उत्पादकांना श्वास घ्यायला जागा मिळाली. अलेंबिक वाढली. औषधाला बाटली लागते, म्हणून काचकाम आले. १९४३ साली पंप आणि यंत्रे बनवणारी ज्योती लिमिटेड निघाली, तिचे नानुभाई अमीन हे भाईलालभाईंचे चिरंजीव. त्याच साली साराभाई केमिकल्स बडोद्यात आली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा झाले. ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. १९६१ मध्ये अलेंबिकचा पेनिसिलिन कारखाना सुरू झाला. खंभात आणि अंकलेश्वरला तेल सापडल्यावर कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, खते बनवणारी जीएसएफसी आली, पेट्रोरसायने बनवणारी आयपीसीएल आली. या मोठ्या सरकारी कारखान्यांच्या जागेची निवड मुख्यतः तेलाने आणि राजकारणाने केली. पण रसायन कळणारा ऑपरेटर, भट्टीची दुरुस्ती जाणणारा फिटर, नमुना तपासणारा केमिस्ट हे मनुष्यबळ त्यांना इथे नव्याने तयार करावे लागले नाही.

आजच्या बडोद्यासाठी

आज पैसा त्या काळापेक्षा सहज आहे. केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाची ९४५ कोटी रुपयांची सीड फंड योजना २०२१ मध्ये आली. तीत इन्क्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत रक्कम, कर्जाऊ किंवा पुढे भागभांडवलात बदलता येईल अशा रूपात, देण्याची सोय होती. गुजरात सरकारचे विद्यार्थी स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आले. सावलीला जैवतंत्रज्ञानाचे इन्क्युबेटर आहे. मकरपुऱ्यात एर्डासारखी विद्युत उपकरणे तपासणारी नावाजलेली संस्था आहे. कलाभवनात दरवर्षी शेकडो अभियंते तयार होतात. म्हणजे १८९० ची बाजू भक्कम आहे.

कच्ची आहे ती १९०७ ची. दांडिया बाजारातल्या किंवा वाघोडिया रोडच्या घरातला मुलगा अंतिम वर्षात चांगले यंत्र बनवतो, त्याला बक्षीस मिळते, फोटो छापून येतो आणि जूनमध्ये तो पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीवर रुजू होतो. गेली कित्येक वर्षे मी हे पाहतो आहे. त्याला अनुदान मिळाले नाही म्हणून तो जात नाही. त्याचे यंत्र विकत घेणारा पहिला माणूस त्याला शहरात भेटत नाही, आणि परवान्याच्या, प्रदूषण मंडळाच्या, तपासणीच्या फेऱ्यांत त्याचे पहिले वर्ष संपते. अबकारीची जागा आता इतर खात्यांनी घेतली आहे, पण दार तेच आहे.

सरकारी खरेदीत नोंदणीकृत स्टार्टअपला पूर्वीचा अनुभव आणि उलाढाल या अटींतून सवलत देण्याची तरतूद आहे. बयाणा रकमेतूनही सूट आहे. कागदावर ही तरतूद सीड फंडाहून मोठी आहे, कारण ती गिऱ्हाईक देते. बडोद्यात मोठे सरकारी आणि निमसरकारी खरेदीदार भरपूर आहेत: महापालिका, सयाजीराव जनरल हॉस्पिटल, रिफायनरी, जीएसएफसी, रेल्वे. यांपैकी प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला आपल्या दहा रोजच्या तांत्रिक अडचणी शहरासमोर ठेवाव्यात. अमुक व्हॉल्व्ह गळतो, अमुक वॉर्डात पाण्याचा दाब कळत नाही, अमुक मशिनचा सुटा भाग परदेशातून यायला तीन महिने लागतात. जो ती अडचण सोडवेल त्याची पहिली लहान ऑर्डर पक्की, असे लेखी सांगावे. कलाभवनाच्या प्रयोगशाळा आणि एर्डाची तपासणी अशा नवउद्योगांना ठरलेल्या सवलतीच्या दरात, ठरलेल्या दिवसांत मिळावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. हवाई दलासाठीच्या ५६ विमानांपैकी ४० इथे तयार व्हायची आहेत. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांना, शीट मेटलवाल्यांना त्यातून जॉबवर्क मिळेल. मला त्यापुढचे हवे आहे. गज्जरांनी जर्मन रंगवाल्यांकडून जसे विद्येचे मोल वसूल केले, तसे इथे व्हावे: विमानाचा भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराला त्याच्या प्रमाणनाची, मिश्रधातूच्या चाचणीची, गुणवत्तेच्या नोंदीची विद्या करारातच मिळावी, आणि कलाभवनाच्या मुलांनी ती शिकायला त्याच्या शेडमध्ये सहा महिने उमेदवारी करावी. विद्यापीठाने त्या सहा महिन्यांना पूर्ण श्रेयांक द्यावेत. व्हेंडर (पुरवठादार) विकासाचे पुढचे करार ज्यांच्या टेबलावर आहेत, त्यांनी ही दोन कलमे त्यात घालायची तेवढी बाकी आहे.